स्वकृत वेदना आणि परकृत वेदना

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गौरवाची भाषणे होतात आणि ती व्हावयासच हवीत. पन्नास वर्षे ज्यांनी या न्यासाची धुरा वाहिली, त्यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त करणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु संयोजकांनी मला गौरवाऐवजी चिंतनाचा विषय घेण्यास सुचविले. म्हणून दिसावयास अगदी लहान, पण धर्माच्या गाभ्याशी जाऊन भिडणारा एक प्रश्न मी आपणांसमोर ठेवणार आहे. तो असा : आपण स्वतःच स्वतःला दिलेली वेदना आणि दुसऱ्याने आपल्याला दिलेली वेदना या दोन्ही सारख्याच असतात काय? आणि नसतील, तर का नसतात?

प्रथम 'वेदना' या शब्दाकडे पाहू. आजच्या मराठीत वेदना म्हणजे दुखणे, कळ. शास्त्रात मात्र हा शब्द फार व्यापक आहे. ज्याचे वेदन होते, म्हणजे जे अनुभवास येते, ती वेदना. मग ते सुख असो वा दुःख. वेदनीय कर्माचे साता आणि असाता असे दोन भेद आपण पाठशाळेत शिकलो, ते याच अर्थाने. आपल्या वऱ्हाडाला तर या शब्दाचे एक वेगळे अगत्य असावयास हवे. षट्खंडागमाच्या चौथ्या खंडाचे नावच 'वेदना' असे आहे. शतकानुशतके मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंदिस्त राहिलेला हा ग्रंथ धवला टीकेसह प्रथम मुद्रित रूपात १९३९ साली बाहेर पडला, तो आपल्या अमरावतीहून. येथील किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी अनेक पंडितांच्या साहाय्याने त्याचे सोळा भाग संपादित केले. कारंज्याच्या भांडारांतील हस्तलिखितांवरून अपभ्रंश ग्रंथ प्रकाशात आणण्याचे कार्यही त्यांचेच. वेदनेचा सूक्ष्म विचार आपल्या अंगणात छापला गेला आहे. तो कपाटात न राहता आपल्या बोलण्यात यावा, हाही आजच्या विषयाचा एक हेतू आहे.

नित्याचा अनुभव

प्रश्नाची सुरुवात शास्त्रापासून न करता घरापासून करू. लहान मुलाला आईने गुदगुल्या केल्या की ते हसून लोळते. तेच मूल स्वतःच्या काखेत स्वतः बोट फिरवते, तेव्हा त्याला काहीच होत नाही. पायात काटा रुतला की आपण स्वतः सुईने तो कोरून काढतो, ओठ दाबून सहन करतो. परंतु तीच सुई दुसऱ्याच्या हाती असली की सुई टेकण्याआधीच पाय मागे घेतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना मागच्या आसनावरील मंडळींना मळमळते, चालकाला सहसा मळमळत नाही. रस्ता तोच, वळणे तीच, गाडीही तीच. फरक एवढाच, की पुढचे वळण केव्हा आणि किती घ्यावयाचे हे चालकाला आधी ठाऊक असते, कारण ते तोच घेणार असतो.

आणखी एक प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याच्या कडेला पापणीवरून अगदी हलकेच बोट लावावे. समोरची भिंत हलल्यासारखी दिसते. पण तोच डोळा आपण स्वाभाविकपणे डावीकडून उजवीकडे फिरविला, तर भिंत जागची हलत नाही. दोन्ही वेळा डोळ्यातील प्रतिमा सरकलीच होती. एका वेळी जग हलले असे वाटले, दुसऱ्या वेळी नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी या निरीक्षणाचा खोल विचार केला. त्याचे तात्पर्य असे की, डोळा फिरविण्याची आज्ञा मेंदू जेव्हा स्वतः देतो, तेव्हा त्या आज्ञेचा परिणाम काय होणार याचा हिशेबही तो मांडून ठेवतो आणि तेवढा परिणाम अनुभवातून वजा करतो. बोटाने डोळा ढकलला तर डोळ्याच्या स्नायूंना तशी आज्ञा गेलेली नसते, म्हणून वजाबाकी होत नाही.

विज्ञान काय सांगते?

विसाव्या शतकात या विचाराला प्रयोगांची जोड मिळाली. १९७१ साली इंग्लंडमधील वाइसक्रांत्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तळपायाला गुदगुल्या करणारे एक साधे यंत्र बनविले. त्याची मूठ प्रयोगकर्त्याने फिरविली, तर गुदगुल्या अधिक होत. माणसाने स्वतः फिरविली, तर कमी होत. १९९८ साली लंडनच्या सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोल्पर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी मेंदूची छायाचित्रे घेऊन दाखविले की, स्वतः केलेल्या स्पर्शाच्या वेळी मेंदूतील स्पर्शकेंद्राची हालचाल कमी असते आणि ती कमी करण्याच्या कामी लहान मेंदूचा, म्हणजे अनुमस्तिष्काचा, वाटा असतो. पुढच्याच वर्षी त्यांनी एक कल्पक प्रयोग केला. माणसाने एका हाताने दांडी हलवावयाची आणि त्या हालचालीबरहुकूम यंत्राने त्याच्या दुसऱ्या तळहातावर मऊ स्पर्श करावयाचा. स्पर्श त्याच क्षणी झाला, तर गुदगुल्या कमी होत. पण हालचाल आणि स्पर्श यांच्यामध्ये एक-दोन दशांश सेकंदांचे अंतर टाकले, किंवा स्पर्शाची दिशा थोडी बदलली, की स्वतःचाच स्पर्श हळूहळू परक्यासारखा जाणवू लागे. म्हणजे जे आपल्या अपेक्षेप्रमाणे घडते ते सौम्य वाटते, अपेक्षेबाहेरचे तीव्र वाटते.

निसर्गाने ही व्यवस्था का केली असावी, हे समजणे कठीण नाही. आपण दिवसभर चालतो, बोलतो, कपडे घालतो, जेवतो. आपल्याच हालचालींचा प्रत्येक स्पर्श पूर्ण तीव्रतेने जाणवू लागला, तर अंगावर चढलेला विंचू त्या गोंधळात कळणारच नाही. परक्या स्पर्शाकडे लक्ष जावे म्हणून स्वतःच्या स्पर्शाचा आवाज मेंदू खाली आणतो. ज्यांना मानसिक आजारामुळे नसलेले आवाज ऐकू येतात किंवा आपली कृती कुणी दुसराच करवितो आहे असे वाटते, अशा रुग्णांत ही वजाबाकी नीट होत नाही आणि त्यांना स्वतःचा स्पर्शही परक्याइतकाच तीव्र जाणवतो, असेही २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. 'हे मी केले' आणि 'हे मला झाले' यांमधील रेषा आपण किती सहज गृहीत धरतो! ती रेषा रोज क्षणोक्षणी आखली जात असते.

दुखण्याच्या बाबतीत याहून एक पायरी पुढे जावे लागते. २००८ साली अमेरिकेतील कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांनी स्वयंसेवकांना विजेचे सौम्य झटके दिले. झटका तेवढाच, परंतु जोडीदाराने तो जाणूनबुजून दिला आहे असे वाटले तेव्हा तो अधिक दुखला, आणि हेतू नव्हता असे वाटले तेव्हा कमी. एवढेच नव्हे, तर अहेतुक झटक्याची हळूहळू सवय होत गेली. सहेतुक झटक्याची टोचणी मात्र तशीच राहिली. शब्दाच्या जखमेविषयी आपली आजी-आजोबा मंडळी जे सांगत, ते विजेच्या झटक्यालाही लागू पडले. दुखते ते केवळ शरीर नव्हे; 'त्याने मुद्दाम केले' हा भावही दुखतो.

आचार्यांनी उपस्थित केलेला प्रश्न

आता आपल्या शास्त्राकडे वळू. विज्ञानाने आमच्या आगमांवर शिक्कामोर्तब केले, असे म्हणण्याची एक प्रथा अलीकडे पडली आहे. मला ती मान्य नाही. प्रयोगशाळेचा विषय स्पर्शाची तीव्रता हा आहे, आचार्यांचा विषय कर्मबंध हा आहे. दोन्ही विषय वेगळे आहेत. परंतु एकाच प्रश्नाला दोन बाजूंनी भिडताना दोघे कोठे जवळ येतात आणि कोठे वेगळे होतात, हे पाहणे उद्बोधक आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कर्माच्या आस्रवाची कारणे दिली आहेत. दुःख, शोक, ताप, आक्रंदन, वध आणि परिदेवन ही स्वतःच्या ठायी, दुसऱ्याच्या ठायी किंवा दोघांच्याही ठायी उत्पन्न केली, तर असातेचा बंध होतो, असे ते सूत्र सांगते. म्हणजे स्वतःला दुःख देणे हेही दोषाचेच. यावर 'सर्वार्थसिद्धी' या टीकेत पूज्यपाद आचार्यांनी अत्यंत रोखठोक शंका स्वतःच उपस्थित केली आहे. स्वतःला दुःख देण्याने पाप लागत असेल, तर मग अर्हंतांचे अनुयायी केशलोच का करतात, उपवास का करतात, उन्हात आतापन योग का धारण करतात, आणि इतरांनाही त्याचा उपदेश का करतात?

ही शंका कोणा विरोधकाने घेतलेली नाही. परंपरेच्या आतून, परंपरेच्या एका थोर आचार्याने ती दीड हजार वर्षांपूर्वी मांडली आहे. तिचे उत्तरही तितकेच स्वच्छ आहे. अंतरंगात क्रोधादींचा आवेश असताना जे दुःख दिले जाते, तेच असातेचे कारण होय. दृष्टांत वैद्याचा आहे. परम करुणेने एखादा वैद्य संयमी मुनीच्या अंगावरील गळू फोडतो. मुनीला दुःख होते. पण केवळ त्या बाह्य निमित्तामुळे वैद्याला पाप लागत नाही. त्याचप्रमाणे संसारदुःखाने उद्विग्न झालेला आणि त्यातून सुटण्याच्या उपायात मन लावलेला साधक जेव्हा शास्त्रोक्त आचरण करतो, तेव्हा त्याच्या ठायी संक्लेश नसतो आणि म्हणून बंधही नसतो.

समंतभद्र आचार्यांनी 'आप्तमीमांसे'त हाच प्रश्न न्यायाच्या भाषेत तपासला. दुसऱ्याला दुःख दिले की निश्चित पाप आणि सुख दिले की निश्चित पुण्य, असा एकांत धरला, तर जे अचेतन आहे तेही पाप-पुण्याने बांधले जावे. कारण काटाही दुःख देतो आणि दूधही सुख देते. उलट स्वतःला दुःख दिले की निश्चित पुण्य, असा एकांत धरला, तर वीतराग मुनीलाही बंध मानावा लागेल. म्हणून दुःख स्वतःचे की परक्याचे हा निर्णायक मुद्दा नाही. त्यामागे विशुद्धी आहे की संक्लेश, हा निर्णायक मुद्दा आहे.

'सर्वार्थसिद्धी'तच आणखी एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो आपल्या आजच्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. नवव्या अध्यायात परीषह येतात आणि कायक्लेश हे बाह्य तपही येते. भूक, तहान, थंडी, उष्णता दोन्हीकडे आहेत. मग दोहोंत फरक कोणता? आचार्यांचे उत्तर असे : जे आपोआप येऊन पडते तो परीषह, आणि जे स्वतः स्वीकारले जाते तो कायक्लेश. अकोल्याच्या वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. विहार करणाऱ्या साध्वींना तो उन्हाळा सोसावा लागतो, तेव्हा तो उष्ण परीषह होय. आणि साधक त्याच उन्हात संकल्पपूर्वक उभा राहतो, तेव्हा ते तप होय. सूर्य तोच आहे.

तिसरा प्रकारही शास्त्राने सोडलेला नाही. बंदिवासात पडलेल्या माणसाला इच्छा नसताना उपाशी राहावे लागते, जमिनीवर निजावे लागते, ब्रह्मचर्य पाळावे लागते. वरून पाहिले तर मुनीचीच दिनचर्या! तो शांतपणे सोसतो तेव्हा तिला अकामनिर्जरा म्हटले आहे. तिचे फळ शास्त्राने मानले आहे, पण तिला संवरपूर्वक होणाऱ्या निर्जरेच्या पंक्तीत बसविलेले नाही. एकच भूक : कोठे परीषह, कोठे तप, कोठे अकामनिर्जरा. पोटातील आगीवरून तिचे नाव ठरत नाही. ती कोणी, कशासाठी आणि कोणत्या भावाने स्वीकारली, यावरून ठरते.

केशलोचाचे उदाहरण

या विचाराची कसोटी म्हणून केशलोच घेऊ. दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत लोच आहे. उत्कृष्ट दोन महिन्यांनी, मध्यम तीन आणि जघन्य चार महिन्यांनी तो करावा, असा क्रम मूलाचारात सांगितला आहे. मुनी स्वहस्ते केस उपटतात. येथे कुणी म्हणेल की, स्वतःचा हात असल्यामुळे मेंदूच वेदना कमी करतो, त्यात विशेष ते काय? परंतु श्वेतांबर परंपरेत साधू-साध्वींचा लोच पुष्कळदा सहसाधू किंवा सहसाध्वी करतात. तेथे हात दुसऱ्याचा असतो, मेंदूची ती वजाबाकी तेथे पुरेशी लागू पडत नाही; तरीही मुद्रेवरील समता तीच असते. यावरून दिसते की, हात कोणाचा हा प्रश्न गौण आहे. स्वीकार कोणाचा, हा प्रश्न मुख्य आहे. हात परका असूनही वेदना स्वकृत होऊ शकते. कारण ती स्वेच्छेने पत्करलेली असते.

आचार्य विद्यासागरजी महाराजांचे चातुर्मास मुक्तागिरीला झाले. २०२२ साली शिरपूरलाही झाला. १८ फेब्रुवारी २०२४ रोजी डोंगरगडच्या चंद्रगिरी तीर्थावर त्यांनी सल्लेखनापूर्वक समाधी घेतली. सल्लेखनेला आत्मघात म्हणावे की नाही, हा वाद २०१५ साली न्यायालयातही गेला. राजस्थान उच्च न्यायालयाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये संथाऱ्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. त्या वेळी अमरावती-अकोल्यातही आपला समाज मोठ्या संख्येने एकवटला होता. शास्त्रीय भूमिका तर स्पष्टच आहे : राग, द्वेष आणि मोह यांच्या आवेशाने प्राण संपविणे हा आत्मघात, ते नसताना, अंतकाळ जवळ आल्यावर, प्रीतिपूर्वक देहाचा मोह सोडणे ही सल्लेखना. येथेही बाह्य कृती नव्हे, अंतरंग भाव हेच प्रमाण आहे.

स्वतःला दिलेले प्रत्येक दुःख तप नव्हे

मात्र या भूमिकेचा एक दुसरा अर्थही निघतो, आणि तो आपण सोयीस्करपणे विसरतो. भाव हेच प्रमाण असेल, तर स्वतःला दुःख दिले म्हणजे तप झाले, असे मुळीच ठरत नाही. भगवान पार्श्वनाथांचे चरित्र आपल्या परिसरात घरोघरी परिचित आहे. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ हे आपल्या श्रद्धेचे स्थान आहे. त्या चरित्रात पंचाग्नी तप करणारा तापस येतो. चहूबाजूंनी अग्नी आणि डोक्यावर सूर्य, अशी ती उग्र स्वकृत वेदना! परंतु त्याच्या धुनीतील जळत्या लाकडात नाग होरपळत होता, याचे भान त्याला नव्हते. ते राजकुमार पार्श्वांना होते. पुढे त्याच वैराने पार्श्वप्रभूंवर उपसर्ग आला, ती परकृत वेदना. एकाने स्वतःहून वेदना घेतली आणि तो कषायात राहिला. दुसऱ्यावर वेदना लादली गेली आणि ते केवलज्ञानाला पोहोचले. स्वकृत ते श्रेष्ठ आणि परकृत ते कनिष्ठ, असे सोपे समीकरण या कथेने मोडून टाकले आहे.

म्हणून पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात आपल्या घरी जे उपवास होतात, त्यांकडे थोडे थांबून पाहण्याची मी आपणांस नम्र विनंती करतो. अठाईचा सत्कार होतो, वरघोडा निघतो, पत्रिकेत नाव छापले जाते. तपस्व्याची अनुमोदना हे पुण्यकार्यच आहे. परंतु 'जावेने आठ केले, तुझे तीनच का?' असा शब्द घरात उच्चारला गेला, किंवा शेजारच्या मुलाच्या उपवासाचा दाखला आपल्या मुलापुढे ठेवला गेला, की त्या उपवासाची जात बदलते. वरून तो प्रत्याख्यान दिसतो, आतून तो बंदिवानाची भूक असतो. ज्याच्या ठिकाणी 'नाही' म्हणण्याची मोकळीक नाही, त्याच्या 'होय'ला संकल्प कसे म्हणावे?

सोळा कारणभावनांत तपाला 'शक्तितः' हे विशेषण जोडलेले आहे. शक्ती न लपविता आणि शक्ती न ओलांडता, असा त्याचा दुहेरी अर्थ आहे. शरीराची वेदना ही शत्रू नव्हे, ती पहारेकरी आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी स्थापन केलेल्या तपोवनात कुष्ठरुग्णांची सेवा झाली. त्या आजाराचे एक मोठे दुःख हे, की हातापायाची संवेदनाच जाते. निखारा लागला तरी कळत नाही, खिळा रुतला तरी कळत नाही, आणि न दुखणारी जखमच पुढे अवयव घेऊन जाते. वेदनेचा अभाव म्हणजे समता नव्हे. समता म्हणजे वेदना पूर्ण जाणवत असताना राग-द्वेष न होणे. तेव्हा उपवासात चक्कर येते, छातीत धडधडते, हे सांगणाऱ्याला दुबळा ठरवू नये. मधुमेह असणाऱ्यांनी, गर्भवती भगिनींनी आणि वाढीच्या वयातील मुलांनी दीर्घ उपवासापूर्वी वैद्यांना विचारावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना मागे येण्याची वाट नेहमी मोकळी ठेवावी. ऊनोदरी आणि रसपरित्याग हीही तपेच आहेत.

एकाचे बोट, दुसऱ्याचे बोट

आता ज्या प्रयोगासाठी मी एवढी वाट चाललो, तो सांगतो. २००३ साली लंडन येथे शेरगिल, बेज, फ्रिथ आणि वोल्पर्ट यांनी दोन-दोन माणसांच्या जोड्या बसविल्या. पहिल्याच्या बोटावर यंत्राने थोडा दाब दिला जाई. मग त्याने जोडीदाराच्या बोटावर तेवढाच दाब द्यावयाचा, ना कमी ना अधिक. त्यानंतर जोडीदाराने पहिल्याच्या बोटावर तेवढाच परत करावयाचा. दोघांनाही एकच सूचना होती, पण दुसऱ्याला कोणती सूचना आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. परिणाम काय झाला? दाब प्रत्येक पाळीला सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. या हिशेबाने आठ पाळ्यांत तो मूळ दाबाच्या तेरापट होतो! आणि विचारल्यावर प्रत्येकाचे म्हणणे एकच, की मी तेवढाच दिला, समोरच्याने वाढविला.

दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हता, दोघांच्याही मनात वैर नव्हते. आपण देत असलेला दाब आपल्याला कमी जाणवतो, कारण मेंदू त्यातून वजाबाकी करतो. दुसऱ्याचा दाब पुरा जाणवतो. म्हणून जेवढ्यास तेवढे करावयास निघालेला माणूस नकळत अधिकच देतो. हात थेट न लावता दांडीच्या आडून यंत्राने दाब द्यावयास सांगितले, तेव्हा त्याच माणसांचा अंदाज बरोबर येत असे.

बंधुजनहो, या लहानशा प्रयोगात मला आपल्या घरांतील आणि पेढ्यांतील किती तरी भांडणे दिसतात. दोन भाऊ दुकानाच्या वाटणीवरून बोलायचे थांबतात; प्रत्येकाच्या वहीत दुसऱ्याचे शब्द पूर्ण वजनाने मांडलेले असतात आणि स्वतःचे शब्द वर्तावळा कापून. सासू म्हणते, मी एकच शब्द बोलले. सून म्हणते, मी तर बोललेच नाही, फक्त भांडे जरा जोरात ठेवले. दोघी खऱ्या असतात, आणि तरीही घर पेटते.

समाजाच्या पातळीवरही हेच घडते. शिरपूरच्या तीर्थाविषयी आपल्याच दोन परंपरांतील वाद अकोल्याच्या न्यायालयातून सुरू होऊन १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, आणि तेथेही तो संपला नाही. पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ मंदिर कुलूपबंद राहिले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले. कायद्याने कोणाची बाजू खरी, हा माझा विषय नाही आणि तो माझा अधिकारही नाही. मी एवढेच म्हणतो की, ज्या प्रभूंनी उपसर्ग करणाऱ्यावर आणि रक्षण करणाऱ्यावर सारखाच भाव ठेवला, त्यांच्या दारात आपण दोन्ही बाजूंनी शंभर वर्षे आपापल्या जखमा मोजल्या. आपल्या हातून समोरच्याला झालेल्या जखमा किती जणांनी मोजल्या असतील?

अहिंसेचे माप

सर्व जीवांना सुख प्रिय आहे, दुःख अप्रिय आहे. म्हणून स्वतःवरून दुसऱ्याला ओळखावे, ही जिनवाणीची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आजच्या विवेचनातून तिचा एक बारकावा लक्षात यावा. स्वतःवरून ओळखावयाचे ते कोणत्या स्वतःवरून? देणाऱ्या की घेणाऱ्या? देताना आपले माप कमी भरते, हे आपण पाहिले. म्हणून 'माझ्या दृष्टीने ते एवढे कठोर नव्हते' हे समर्थन अहिंसेच्या दरबारात टिकत नाही. घेताना मला किती लागले असते, हेच खरे माप होय.

येथे साधकाची वाट सामान्य प्रवृत्तीच्या अगदी उलट जाते. देहस्वभाव स्वतः दिलेले कमी मोजतो आणि दुसऱ्याने दिलेले अधिक मोजतो. साधक दुसऱ्याने दिलेले आपल्या पूर्वकर्माच्या खाती टाकून हलके करतो, आणि स्वतः दिलेले आलोचनेच्या वेळी कण न् कण मोजतो. आक्रोश आणि वध हे परीषह सोसताना मुनी 'याने मला मारले' असे म्हणत नाहीत. 'माझ्याच बांधलेल्याचा उदय आहे, हा केवळ निमित्त' असे म्हणतात. 'त्याने मुद्दाम केले' हा जो काटा झटक्याला अधिक तीव्र करतो, तो काटाच ते उपटून टाकतात. परकृत वेदनेचे स्वकृतात रूपांतर करण्याची ही कला आहे. मात्र एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ही दृष्टी स्वतःच्या दुःखाकडे पाहण्याची आहे, दुसऱ्याच्या नव्हे. पीडित माणसाला 'तुझ्या कर्माचे फळ' असे सुनावणे हे तत्त्वज्ञान नव्हे, ते निष्ठुरपण आहे. त्याच्यापाशी वैद्याची करुणा घेऊनच जावे.

आणि आपल्यासारख्या गृहस्थांसाठी? आपल्यासाठी प्रतिक्रमण आहे, क्षमापना आहे. संवत्सरीला आणि क्षमावाणीला आपण छापील पत्रे पाठवितो, आता मोबाइलवर एकच संदेश दोनशे जणांना पाठवितो. ज्यांच्याशी आपले काहीच बिघडलेले नाही, त्यांना तो संदेश प्रथम जातो. ज्याच्याशी बिघडले आहे, त्याचे नाव यादीतून गळते. या सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण एवढेच ठरवू या. प्रत्येकाने एक नाव असे निवडावे, की ज्याच्याकडे 'चूक त्याची अधिक' असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटते. त्याच्या घरी स्वतः जावे. हिशेब मांडू नये. कारण आपला काटा एका बाजूला झुकलेला आहे, हे आता आपल्याला माहीत झाले आहे. आणि दाब परत करावयाची आपली पाळी आली असेल, तर ती सोडून द्यावी. त्या प्रयोगातील वाढता दाब थांबविण्याचा दोघांच्या हाती एकच उपाय होता : एकाने हात मागे घेणे.

न्यासाने पन्नास वर्षांत वास्तू उभारल्या, पाठशाळा चालविल्या, अतिथींना भोजन दिले. पुढील पन्नास वर्षांत या प्रांगणात काही दुरावलेली माणसेही पुन्हा एकत्र बसलेली दिसोत, अशी प्रार्थना करून आणि माझ्या बोलण्यात जिनवाणीविरुद्ध काही आले असल्यास, कोणाचे मन दुखावले असल्यास, मिच्छामि दुक्कडम् म्हणून मी आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.